खालिद जमील नशिबानं जिंकला नव्हता

फुटबॉलच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ज्यानं मैदान गाजवलं, तोच उत्तम कोच होतो. सर्बियाच्या सावो मिलोशेविचकडे पाहा. २०००च्या युरो स्पर्धेत पाच गोल करून हा स्ट्रायकर नेदरलँड्सच्या क्लायव्हर्टच्या बरोबरीनं अव्वल ठरला. देशासाठी तो शंभरावर सामने खेळला. २०१९ मध्ये पार्टिझान क्लबचा कोच झाल्यावर त्यानं सर्बियन कप जिंकून दिला, पण लीगचं विजेतेपद काही मिळालं नाही. स्वतः गोल करणं वेगळं आणि अकरा जणांकडून खेळ करून घेणं वेगळं.

मुंबईच्या खालिद जमीलचं नेमकं उलटं. कुवेतमध्ये १९७७ साली जन्मलेला हा मिडफिल्डर महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळला, पण दुखापतींनी पिच्छा सोडला नाही. २००९ मध्ये तो मुंबई एफसीचा कोच झाला आणि सात वर्षं तिथंच राबला.

पुढं जमीलच्या हाताखाली मिझोरामच्या ऐझॉल एफसीनं मिळवलेलं २०१७ चं आय-लीग विजेतेपद म्हणजे लॉटरी, असं आजही म्हटलं जातं. आदल्या मोसमात हा संघ खाली घसरला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला आय-लीगमध्ये परत जागा मिळाली, एवढं नशीब खरं. पण पुढचे अठरा सामने नशिबावर निघत नाहीत. मुंबई एफसीत जमीलच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता इथंही त्याच्याच संघात होते. शेवटून दुसऱ्या सामन्यात ऐझॉलनं मोहन बागानला १-० असं हरवलं. ३० एप्रिल २०१७ रोजी शेवटच्या सामन्यात शिलाँग लाजाँगनं आधी गोल केला. मग विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली, आणि १-१ वर, एका गुणाच्या फरकानं, ईशान्य भारतातला क्लब पहिल्यांदाच राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. त्याच मोसमात जमीलनं सोडलेली मुंबई एफसी तळाला राहिली. या दोन ओळी गुणतक्त्यात एकत्र वाचल्या, तर लॉटरीचा मुद्दा उरतच नाही.

मोठ्या लीगला परदेशीच कोच हवा, हाही असाच एक समज. त्याला आधार नाही असं नाही: सर्बियाच्या झोरान जॉर्जेविचनं गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला २००८-०९ ची आय-लीग जिंकून दिली, रांको पोपोविचनं एफसी पुणे सिटीला उपांत्य फेरी दाखवली. पण २०२१ मध्ये भर मोसमात नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रं हाती घेऊन जमीलनंही संघाला इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीत नेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा कोच झाला. गोव्याच्या सावियो मेदेरानंतर या पदावर आलेला तो पहिलाच भारतीय. मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून भारत तिसरा आला. पुढं गोव्यातल्या फातोर्ड्यात सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि आशिया चषकाचं दार बंद झालं, हेही तितकंच खरं.

कोच होण्यासाठी भारताची जर्सी घातलेली असावी लागते, असंही अनेकांना वाटतं. तशी अट नाही; लागतं ते कोचिंगचं लायसन्स. जमीलकडे प्रो लायसन्स आहे, पण ही शिडी खालून सुरू होते आणि डी, सी, बी, ए अशी वर जाते. अंकुशनगरसारख्या गावातल्या एखाद्या क्रीडाशिक्षकालाही डी लायसन्सच्या कोर्सपासून सुरुवात करता येते.