क्ष-किरणांपासून संरक्षण : शिशाला नवा पर्याय

राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि शरीर न फाडता आतले हाड पाहता येऊ लागले. पण हे किरण वारंवार अंगावर पडले, तर पेशींना इजा होऊन कालांतराने कर्करोगाचा धोका वाढतो. रुग्ण फोटो काढून घरी जातो. तंत्रज्ञ व मदतनीस मात्र रोज तेथेच असतात. किरणांजवळ उभे राहावे लागले, तर त्यांना शिशाचा एप्रन घालावा लागतो.

शिशाचा अणुक्रमांक ८२. अशा जड अणूंत इलेक्ट्रॉन पुष्कळ असल्याने ते क्ष-किरण चांगले शोषतात. परंतु हा एप्रन जड असतो, पाठ-खांदे दुखतात. घडी घातल्यास आतल्या थरास भेगा पडतात. शिवाय शिसे विषारी. जुना एप्रन भंगारात गेला, की ते विष भंगार वेचणाऱ्याच्या हाती येते.

यावर एक उपाय म्हणजे संमिश्र पदार्थ. सिलिकॉन रबरासारख्या बहुवारिकात, म्हणजे पॉलिमरमध्ये, बिस्मथ किंवा टंगस्टनच्या ऑक्साइडचे नॅनोकण मिसळतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. बिस्मथचा अणुक्रमांक ८३ असूनही ते शिशाहून पुष्कळच कमी विषारी आहे. पिठात मिठाचे खडे राहिले, तर एक घास खारट, दुसरा अळणी. तसेच कण मोठे असले वा त्यांच्या गुठळ्या झाल्या, तर मधल्या फटींतून किरण निसटतात. बारीक कण सारखे पसरले, तर पडदा एकजीव होतो व लवचिकही राहतो.

मात्र 'नॅनो' म्हणजे जादू नव्हे. किरण किती अडतील हे मुख्यतः वाटेत जड मूलद्रव्य किती आहे यावरच ठरते. कोबाल्ट-६० च्या प्रखर गॅमा किरणांपुढे कोणताही एप्रन पुरत नाही. तेथे शिशाचे जाड ठोकळे वा काँक्रीटच्या भिंतीच लागतात.

केवळ ऐकीव म्हणून काही मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तोच विवेक येथेही हवा. 'शिसेविरहित' एवढ्या शब्दावर विसंबू नये. तो एप्रन किती मिलिमीटर शिशाच्या बरोबरीचा, ०.२५ की ०.५, आणि ती चाचणी किती किलोव्होल्टवर झाली, हे विचारावे. कारण एका व्होल्टेजला पुरणारा पडदा दुसऱ्याला कमी पडू शकतो. या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा प्रश्न न संकोचता विचारावा, एप्रन घडी न घालता टांगून ठेवावा आणि किरणमापक बिल्ला रोज लावावा.