व्यायाम प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र आणि उत्तरदायित्व विमा

बंगळूर शहराला व्यायामाची परंपरा नवी नाही. मराठी मुलखात जिला तालीम म्हणतात, तिला येथील जुन्या पेठांत ‘गरडी मने’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रा. के. व्ही. अय्यर यांनी याच शहरात आधुनिक व्यायामशाळा चालविली आणि टपालाद्वारे दूरदूरच्या शिष्यांनाही धडे दिले. वस्ताद आणि शिष्य यांचे नाते त्या काळी विश्वासावर उभे होते.

आज गृहसंकुलांच्या व्यायामगृहांत, मोकळ्या मैदानांवर आणि ग्राहकांच्या घरी जाऊन शिकविणारे अनेक स्वतंत्र प्रशिक्षक या शहरात आहेत. ते कोणाच्या नोकरीत नसतात. ठरलेली फी घेऊन सेवा देतात. म्हणजेच ते व्यावसायिक आहेत आणि व्यवसायाबरोबर येणारे कायदेशीर उत्तरदायित्वही त्यांचेच आहे.

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी लोकप्रिय कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी बंगळुरात हृदयविकाराने निधन झाले. त्या सकाळी त्यांनी व्यायाम केला होता. त्या दुःखद घटनेत कोणा प्रशिक्षकाचा दोष होता असे नव्हे. परंतु त्यानंतर जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी गर्दी लोटली आणि व्यायामशाळांतील प्रशिक्षकांना प्रथमोपचाराचे ज्ञान असावे, ही चर्चा राज्यभर सुरू झाली. प्रशिक्षकाची पात्रता कोणती आणि अनर्थ घडल्यास भरपाई कोण देणार, हे दोन प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आले.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात वैयक्तिक व्यायाम प्रशिक्षकाला परवाना सक्तीचा करणारा केंद्रीय कायदा नाही. याचा अर्थ त्याच्यावर जबाबदारी नाही असा मात्र होत नाही. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. मोबदला घेऊन सेवा देणाऱ्या प्रशिक्षकाविरुद्धही सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार होऊ शकते.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्कही पडत नाही. महिन्याला काही हजार रुपये फी घेणाऱ्या प्रशिक्षकाकडे लाखो रुपयांच्या भरपाईची मागणी येऊ शकते, ती अशी.

‘दुखापतीस मी स्वतः जबाबदार राहीन’ असे ग्राहकाकडून लिहून घेण्याची पद्धत आहे. अशा कागदामुळे ग्राहकाला धोक्याची कल्पना दिली होती, हे दाखविता येते. परंतु प्रशिक्षकाच्या निष्काळजीपणाचे उत्तरदायित्व केवळ त्याने संपते असे समजणे धोक्याचे आहे.

प्रमाणपत्र कशासाठी?

राष्ट्रीय कौशल्य विकास व्यवस्थेत क्रीडा, शारीरिक शिक्षण व तंदुरुस्ती या क्षेत्रासाठी स्वतंत्र कौशल्य परिषद असून तिच्या अभ्यासक्रमांत फिटनेस ट्रेनर हे कामही आहे. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज किंवा अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांसारख्या विदेशी संस्थांची प्रमाणपत्रेही येथे मान पावतात. मात्र या विदेशी प्रमाणपत्रांचे दर दोन-तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. मुदत संपलेले प्रमाणपत्र ऐन वेळी उपयोगी पडत नाही. हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देऊन करावयाच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षणही वेळोवेळी ताजे करावयास हवे.

प्रमाणपत्र प्रशिक्षकाच्या कामाची सीमाही ठरविते. भौतिकोपचार आणि आहारशास्त्र या शाखांसाठी २०२१ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. दुखऱ्या गुडघ्यावर उपचार करणे, मधुमेही व्यक्तीस आहाराचा तक्ता लिहून देणे ही कामे व्यायाम प्रशिक्षकाची नव्हेत. विम्याचे संरक्षणही साधारणपणे विमापत्रात नमूद केलेल्या व्यवसायापुरतेच असते.

कोणता विमा?

येथे मोठा गोंधळ आढळतो. बँकेच्या अनेक खातेदारांनी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेतलेली असते. वर्षाला २० रुपये हप्त्यात २ लाख रुपयांचे अपघाती संरक्षण देणारी ही योजना निश्चितच उपयुक्त आहे. परंतु ती विमाधारकाच्या स्वतःच्या अपघातासाठी आहे. ग्राहकाला झालेल्या इजेची भरपाई तीतून मिळत नाही. वैयक्तिक आरोग्य विम्याचेही तसेच. व्यायामशाळेने काढलेला विमा तेथे येणाऱ्या स्वतंत्र प्रशिक्षकाला लागू होईलच असे नाही. विमापत्रात तसा उल्लेख आहे का, ते पाहावे लागते.

प्रशिक्षकाला दोन प्रकारचे संरक्षण लागते. वाटेत ठेवलेल्या डंबेल्सला अडखळून ग्राहक पडला, तर तो सार्वजनिक उत्तरदायित्व विम्याचा विषय होतो. झेपणार नाही इतके वजन उचलावयास सांगितल्याने त्याच्या पाठीला इजा झाली, तर चूक व्यावसायिक सल्ल्यातील असते. तेथे व्यावसायिक क्षतिपूर्ती विमा कामी येतो. सार्वजनिक उत्तरदायित्व विमा कायदा, १९९१ हा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे. केवळ नामसादृश्यामुळे त्याची येथे गल्लत करू नये.

विमापत्र वाचताना

पहिली गोष्ट मर्यादेची. एका घटनेसाठी १० लाख व वर्षभरासाठी २० लाख अशी मर्यादा असल्यास एका घटनेत १५ लाखांची भरपाई ठरली तर वरचे ५ लाख प्रशिक्षकालाच भरावे लागतील. वकिलाचा खर्चही बहुधा याच मर्यादेत धरला जातो.

दुसरी गोष्ट अखंडतेची. व्यावसायिक क्षतिपूर्ती विम्यात सहसा दावा दाखल होण्याच्या दिवशी विमापत्र चालू असावे लागते. समजा, एका प्रशिक्षकाने एप्रिल २०२३ मध्ये विमा घेतला, नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला इजा झाली आणि प्रशिक्षकाने मार्च २०२५ नंतर नूतनीकरण केले नाही. ग्राहकाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तक्रार केली तर ती दोन वर्षांच्या मुदतीत असूनही प्रशिक्षकापाशी विम्याचे छत्र उरलेले नसेल.

तिसरी गोष्ट अपवादांची. दंड व फौजदारी शिक्षा विम्यात येत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्यापासून कोणताही हप्ता वाचवू शकत नाही. वाचविते ती दक्षताच.

नोंदवहीचे मोल

प्रमाणपत्र आणि विमा यांना जोडणारा दुवा म्हणजे नोंद. प्रत्येक ग्राहकाचे वय, पूर्वीचे आजार, चालू औषधे, आवश्यक तेथे डॉक्टरांची अनुमती आणि दर दिवशी दिलेला व्यायाम तारखेसह लिहून ठेवावा. इजा घडल्यास प्रथम ग्राहकाला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी व विमा कंपनीस तत्काळ लेखी कळवावे. कंपनीच्या संमतीवाचून भरपाईचे आश्वासन देऊ नये. अन्यथा दावा अडचणीत येऊ शकतो.

प्रशिक्षक नेमणाऱ्या ग्राहकांनीही प्रमाणपत्राची मुदत व विमापत्राची प्रत पाहण्यास संकोचू नये. बँकेच्या कर्मचाऱ्यांनीही अशा व्यावसायिकाला विम्याविषयी माहिती देताना तो स्वतःच्या अपघातासाठी विमा मागतो आहे की इतरांप्रती असलेल्या उत्तरदायित्वासाठी, हे आधी विचारावे. प्रमाणपत्र धोका कमी करते, विमा उरलेल्या धोक्याचा भार उचलतो आणि नोंदवही दोन्हींची साक्ष देते. या तिन्हींची जोड असेल, तर एका अपघाताने प्रशिक्षकाची आयुष्यभराची पुंजी पणास लागणार नाही आणि इजा झालेल्या ग्राहकालाही न्याय्य भरपाई मिळेल.