अंगठी परत गेली, डबे कुणी मोजले?

रमजानात असरची नमाज झाली की आमच्या सोलापुरात डब्यांची ये-जा सुरू होते. विजापूर वेशीत मीना बाजाराची गर्दी व्हायला अजून अवकाश असतो, पण गल्लीबोळांतून रुमालाने झाकलेली ताटं निघालेली असतात. भजी, चणे, कापलेली फळं, खजूर. मशिदीत जाणारं ताट वेगळं, शेजाऱ्यांचं वेगळं. शेजारी शाकाहारी असतील तर त्यांचे सामोसे आधी, ताज्या तेलात तळून बाजूला काढायचे, हे आमच्या घरातल्या दहा वर्षांच्या पोरीलाही सांगावं लागत नाही. या पानाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असं ताट येऊन गेलं असेल आणि रिकामं ताट परत द्यायचं नाही म्हणून त्यात साखर किंवा दोन केळी ठेवून ते परतही गेलं असेल.

याच गर्दीत आणखी एक डबा असतो. त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो एखादी मुलगी ज्याच्याशी तिचं लग्न ठरलंय, किंवा ठरेल अशी तिला आशा आहे, त्याच्यासाठी घेऊन निघालेली असते. रोजा तिचाही असतो. मार्चातल्या उन्हात दुपारभर तिने गॅससमोर उभं राहून तळण काढलेलं असतं, मिठाचा अंदाज न चाखता घेतलेला असतो. मग स्कूटीवरून ती गावाच्या दुसऱ्या टोकाला जाते. मगरिबची अजान पुष्कळदा तिला वाटेत सिग्नलवरच ऐकू येते. पर्समध्ये एक खजूर ठेवलेला असतो, त्यावर तिचा इफ्तार होतो. डबा मात्र वेळेवर पोचलेला असतो.

कॉलेजात शिकवत असल्यामुळे या गोष्टी माझ्या कानावर पडतात. बहुतेक वेळा तक्रार म्हणून नाही, उशीर का झाला याचं कारण म्हणून. एका मुलीची प्रॅक्टिकलची जर्नल अपुरी होती, कारण त्या आठवड्यात तिने त्याचं जर्नल पूर्ण केलं होतं, आकृत्यांसकट. दुसरी पुण्यात नोकरी करते. कोंढव्यात पेइंग गेस्ट म्हणून राहते. दर रविवारी ती त्याच्या फ्लॅटवर जाते, चार मुलांचा ओटा घासते, आठवड्याचं वाटण करून फ्रीजमध्ये ठेवते. रमजानात त्यात सहरीची भर पडते. पहाटे तिथे जाता येत नाही, म्हणून रात्रीच चपात्या आणि खिमा करून ठेवायचा. चौघांचा. तिसरीची मंगनी झाली आहे आणि होणाऱ्या सासूबाई तिला रमजानात दुपारपासून बोलावून घेतात. का, तर ‘आदत पडने दो’.

हे आमच्यातलंच आहे असं कुणी समजू नये. माझ्या वर्गातल्या हिंदू मुलीही हेच करतात, फक्त महिना वेगळा असतो. नवरात्रात त्याच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी करून हॉस्टेलच्या गेटवर नेऊन देणारी मुलगी मी पाहिली आहे. एरवी जात, धर्म, शाखा यांवरून वाद घालणारी ही पोरं या एका बाबतीत पूर्ण एकमताची आहेत.

विचारलं तर मुली याला काम म्हणत नाहीत. ‘मेरेकू अच्छा लगता, मॅडम,’ असं उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं. आवडत्या माणसाला खाऊ घालण्यात सुख आहे. सगळ्याच गोष्टी वहीत मांडायच्या नसतात, हे मलाही कळतं. पण पुढचा प्रश्न मी विचारते: गेल्या महिन्यात तुला ताप आला होता, तेव्हा त्याने काय केलं? बहुतेक जणींचं उत्तर एकच असतं. त्याने मेसेज केला, ‘टेक केअर’.

मुलाला येत नाही, हे कारण मला पटत नाही. तबलीगच्या जमातीत चाळीस दिवसांसाठी गेलेले पुरुष पाळीपाळीने स्वयंपाक करतात. कांदा चिरतात, डाळ शिजवतात, भांडी घासतात. त्याला ‘खिदमत’ असा मानाचा शब्द आहे. आखाती देशांत एका खोलीत सहा-आठ जण राहणारे आपल्या भागातले कामगार वर्षानुवर्षं वार लावून रांधतात. लग्नातली बिर्याणीची देग पुरुषच उतरवतात आणि रमजानातल्या बाजारात कबाब, मालपुवे, फालुदा यांच्या गाड्यांवर शंभरातले नव्वद हात पुरुषांचे असतात. म्हणजे हात चालतात. ते फक्त प्रेम करणारी बाई जवळपास नसताना चालतात.

मग मुली का करतात? मला वाटतं, कांदेपोह्यांचा कार्यक्रम संपला असं आपण उगाच समजतो. तो लांबला आहे. पूर्वी एका संध्याकाळी ताट घेऊन बाहेर यायचं, दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि आत जायचं. आता मुलगा-मुलगी एकमेकांना स्वतः निवडतात, ही चांगली गोष्ट आहे, पण निवडलं जाण्यासाठीचं ते ताट मुलीच्या हातून सुटलेलं नाही. ती वर्षभर, दोन वर्षं ते धरून उभी असते. आणि त्याच्याकडून तिला काय हवं, याची परीक्षा कुणी घेत नाही.

आता हा महिना इबादतीचा आहे, म्हणून धर्म याबाबत काय म्हणतो तेही पाहू. मुलींना गप्प करायला अनेकदा धर्मच पुढे केला जातो. पैगंबर साहेब घरात असताना काय करत असत, असं हजरत आयेशांना विचारलं गेलं. बुखारी शरीफमध्ये त्यांचं उत्तर नोंदलेलं आहे: ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. इतर रिवायतींत चपला दुरुस्त करणं, कपडे शिवणं असे तपशील येतात. दाढी किती राखायची हे सुन्नत म्हणून शिकलेल्या मुलांना ही सुन्नत कुणी शिकवत नाही, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

फिक्हचं, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचं पाहिलं तर चित्र आणखी वेगळं आहे. शाफई आणि हंबली परंपरेतल्या बहुतेक जुन्या विद्वानांच्या मते निकाहच्या करारात स्वयंपाक-धुणं येतच नाही. बायकोने केलं तर तो तिचा चांगुलपणा. आपल्याकडचे कोकणी मुसलमान याच शाफई परंपरेचे, हे किती कोकणी घरांत ठाऊक असेल? दख्खनमध्ये आम्ही बहुसंख्य हनफी. हनफी मताप्रमाणे घरकाम ही बायकोची नैतिक जबाबदारी मानली गेली, पण तिने नकार दिला तर काजी तिच्यावर सक्ती करू शकत नाही. ही सगळी चर्चा लग्न झालेल्या बाईची. मंगनी म्हणजे शरियतमध्ये फक्त वचन. निकाह होईपर्यंत दोघं एकमेकांना परकेच. एकत्र फिरायला गेलेल्या पोरांना हा नियम सांगायला गल्लीतले दहा लोक तयार असतात. मुलगी मंगेतराच्या घरी भांडी घासते तेव्हा तोच नियम कुणाला आठवत नाही.

हजरत फातिमांची गोष्ट तर प्रत्येक रमजानात ऐकायला मिळते. जातं ओढून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते. मदतीला माणूस मिळावा म्हणून त्या वडिलांकडे, पैगंबर साहेबांकडे गेल्या. त्यांनी माणूस दिला नाही, झोपण्यापूर्वी म्हणायची तसबीह शिकवली: 33 वेळा सुबहानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. ही गोष्ट मुलींना बहुधा ‘बघा, तक्रार न करता राबा’ या अर्थाने सांगितली जाते. पण त्यांनी तक्रार केली होती! ती ऐकूनही घेतली गेली. उत्तर द्यायला वडील रात्री स्वतः लेकीच्या घरी आले. आणि त्याच प्रसंगाच्या एका रिवायतीत हजरत अलीही सांगतात की पाणी ओढून ओढून माझी छाती दुखते आहे. दळणारी एक आणि पाणी ओढणारा दुसरा, असं ते घर होतं. गोष्ट सांगताना अलींची छाती कुठे जाते, कोण जाणे.

सरकारी आकडेही एकदा डोळ्यांखालून घालावेत. 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी 81.2 टक्के रोज घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करताना आढळल्या, पुरुषांपैकी 26.1 टक्के. जे करतात त्यांच्यातही बायकांची दिवसाची 299 मिनिटं जातात आणि पुरुषांची 97. हे झालं आपल्या घरचं काम. पण स्वतःच्या घरातलं उरकून परक्या घरी जाऊन केलेलं काम? अशा पाहण्यांच्या वर्गवारीत दुसऱ्या कुटुंबासाठी मोबदला न घेता केलेलं काम स्वयंसेवेत धरतात. कोंढव्यातला ओटा घासणारी माझी विद्यार्थिनी सरकारदरबारी समाजसेविका आहे! गृहिणीच्या कामाला मोल आहे आणि अपघाताच्या भरपाईत ते धरलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये पुन्हा सांगितलं. पण तिथेही मुळात ती गृहिणी असावी लागते.

आणि हे काम कुठेच मोजलेलं नसतं ते कळतं नातं मोडल्यावर. माझ्या एका विद्यार्थिनीची मंगनी चौदा महिने टिकली. त्यात दोन रमजान आले. त्या काळात होणाऱ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ही तीन आठवडे रोज सकाळी जाऊन त्यांच्या घरचं जेवण करून येत होती. त्याच तीन आठवड्यांत बीएडच्या प्रवेश परीक्षेच्या अर्जाची मुदत निघून गेली. पुढे मुलाकडच्यांचा विचार बदलला. कारण नीट सांगितलं नाही.

मोडणीची बैठक रीतसर झाली. दोन्हीकडचे चार-चार बुजुर्ग बसले. अंगठी परत गेली. ईदीचे दोन जोड, घड्याळ, मोबाइल यांची यादी वाचली गेली. मुलीच्या अम्मीने दिलेला काचेचा डिनर सेटही परत आला. त्यातली एक प्लेट कमी होती, त्यावर दहा मिनिटं बोलणं झालं. तीन आठवड्यांचा स्वयंपाक, दोन रमजानांची तळणं, हुकलेलं वर्ष, यांतलं काहीच यादीत नव्हतं. कुणी ते मुद्दाम वगळलं नव्हतं. तो हिशेबाचा विषय आहे, हे मुलीच्या बापालाही सुचलं नव्हतं. उठताना मुलाच्या मामूंनी चांगल्या मनाने एक वाक्य म्हटलं: ‘लडकी काम की बहुत अच्छी थी.’

नोकरी सोडून जाणाऱ्याला असं प्रमाणपत्र देतात. तिथे निदान पगार मिळालेला असतो.

ती आता बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा इफ्तारीच्या निमित्ताने काही माजी विद्यार्थिनी माझ्या घरी जमल्या होत्या, त्यात तीही होती. कोंढवावालीही सुट्टी घेऊन आली होती. बोलता बोलता तिने सांगितलं की यंदा पहिल्याच रोज्याला तिने त्याला फोन करून सांगितलं, मी रविवारी येईन, पण इफ्तारी तू करायची. दोन रविवार त्याने हॉटेलातून पार्सल मागवलं. तिसऱ्या रविवारी भजी तळली. बाहेरून जळलेली, आत कच्ची. ‘खाई मैं,’ ती म्हणाली, ‘दो खाई.’ तिने स्वतःहून तळण हातात घेतलं नाही, हे ऐकून बाकीच्या मुलींनी टेबलावर हात आपटले.

आता चाँदरात जवळ आली आहे. त्याची आई-बहीण ईदला पुण्याला येणार आहेत. शीरखुर्म्यासाठी बदाम, पिस्ते, खारीक, चारोळी असा दीड किलो सुकामेवा भिजवून, सोलून, बारीक कापायचा आहे. दरवर्षी ते तीच करते. या वेळी तिने कळवलं आहे की चाँदरातीला तिचे दोन्ही हात मेंदीत असतील. त्याचं उत्तर त्या संध्याकाळपर्यंत आलं नव्हतं. निघताना जिन्यात ती फोन बघताना दिसली. खारीक किती तास भिजवायची, असं त्याने विचारलं होतं.