मातीचा नमुना, संगणकाचे माप

मूर्तिकाराने मातीत घडवलेला मानवी आकार प्रकाशकिरणांनी मोजून संगणकात घ्यायचा, तिथे तो हवा तेवढा वाढवायचा आणि यंत्राने कापून, धातूत ओतून पुन्हा उभा करायचा, ही आता भव्य पुतळ्यांची रूढ पद्धत झाली आहे. या पद्धतीचे सर्वांत उंच उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला परके नाही. नंदुरबार जिल्ह्याची हद्द वायव्येला ज्या नर्मदा जिल्ह्याला भिडते, तिथेच केवडियाजवळ साधू बेटावर सरदार पटेलांचा 182 मीटर उंचीचा पुतळा उभा आहे. त्याचे मूर्तिकार राम वनजी सुतार हे धुळ्याजवळच्या गोंदूरचे. नवापूरही 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. म्हणजे एका अर्थाने हे घरचेच काम.

सुतारांचा जन्म 1925 चा, सुतारकी करणाऱ्या घरातला. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना त्यांना मेयो सुवर्णपदक मिळाले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत त्यांनी अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचे काम केले. ही तालीम पूर्णपणे हाताची होती. त्या काळी लहान नमुना मोठा करायचा तर ओळंबा सोडायचा, चौकटीवर खुणा करायच्या, परकाराने एकेक बिंदू मोजून मोठ्या मातीवर उतरवायचा. विनायकराव करमरकरांनी 1928 मध्ये पुण्याचा अश्वारूढ शिवपुतळा उभा केला, तो अशाच हातमापाच्या जमान्यात. वीस-पंचवीस फुटांपर्यंत ही रीत चालते. सहाशे फुटांना ती पुरी पडत नाही.

सरदारांच्या पुतळ्यासाठी जुनी छायाचित्रे तपासून आधी लहान नमुने झाले आणि मग तीस फुटांचा. या तीस फुटी नमुन्याचे त्रिमितीय स्कॅनिंग करून संगणकात त्याची प्रतिकृती तयार झाली. तिथून पुतळ्याची वाढ साधारण वीस पट आहे. लांबी वीस पट झाली की पृष्ठभाग चारशे पट होतो आणि नमुन्यावरची एका मिलिमीटरची चूक प्रत्यक्षात दोन सेंटिमीटरची होऊन बसते. म्हणून संगणकाच्या आधीचे काम जितके स्वच्छ, तितके पुढचे बिनघोर.

स्कॅनर दिसेल तेवढेच मोजतो. शालीच्या घडीची आतली बाजू, कानामागची खाच, धोतराच्या निऱ्यांमधला अंधार अशा जागी किरण पोहोचत नाहीत आणि पडद्यावरच्या जाळीत भोके राहतात. चकाकणारा पृष्ठभागही दगा देतो. त्यावर भुकटी फवारून तो मंद करावा लागतो. भोके संगणकात बुजवता येतात, पण तिथे घडी आत कुठवर गेली आहे हे ज्याने ती घडवली त्यालाच ठाऊक असते. यंत्राने थर्माकोलवर कापलेल्या आकारावर बारीक पायऱ्यांसारख्या रेषा उरतात. त्या घासून काढणारा हात कच्चा असेल तर गालाचा उंचवटाही सोबत घासला जातो आणि चेहरा गुळगुळीत, निर्जीव होतो. डोळ्याची गोष्ट तर आणखी नाजूक. बुबुळाच्या जागी मूर्तिकार खळगा करतो, त्यात सावली साचते आणि नजर तयार होते. खळगा किती खोल हवा हे पुतळा किती उंचावरून आणि कोणत्या उजेडात पाहिला जाणार यावर ठरते. हा निर्णय मापाचा नाही, जाणतेपणाचा आहे. तो यंत्रावर सोपवू नये.

संगणकातली प्रतिकृती अभियंत्यांच्याही हाती गेली. चालण्याच्या पवित्र्यामुळे दोन पावलांत सुमारे साडेसहा मीटर अंतर पडले. तळाशी पुतळा निमुळता आणि वर शालीने रुंद, त्यामुळे वाऱ्याचा ताण मोठा. आत काँक्रीटचे दोन मनोरे उभारले, वर पोलादी सांगाडा बांधला आणि हेलकावे रोखण्यासाठी अडीचशे टनांचे दोन भार बसवले. बाहेरचे कांस्य पत्रे चीनमधल्या नानचांगच्या ओतशाळेत तयार होऊन हजारो तुकड्यांनी केवडियाला आले. मिश्रधातूत तांबे 85 टक्के. उरलेले कथील, शिसे आणि जस्त. 31 ऑक्टोबर 2018 रोजी पुतळ्याचे अनावरण झाले.

पुतळ्याचे तोंड सरदार सरोवराच्या धरणाकडे आहे. त्याच जलाशयात नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली आदिवासी गावे बुडाली. खानदेशच्या वाचकाने पुतळ्याच्या घडणीचे कौतुक करताना हेही ध्यानात ठेवायला हवे.

राम सुतार डिसेंबर 2025 मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून, नोएडा येथे निवर्तले. दादरच्या इंदू मिलच्या जागेवरील डॉ. आंबेडकरांचा पुतळाही त्यांचाच: शंभर फुटांच्या पायावर साडेतीनशे फुटांचा. त्याचीही सुरुवात लहान नमुन्यापासूनच झाली.