लंकेचे विमान आणि त्याचे धनी

लंका म्हटली की आपल्याला पुष्पक विमान आठवते, आणि पाठोपाठ सीता. सिलोनच्या राष्ट्रीय विमानकंपनीच्या पहिल्या विमानाचे नाव ‘सीतादेवी’च होते, हे वाचून म्हणूनच आम्हांला मोठी मौज वाटली. १० डिसेंबर १९४७ रोजी हे डाकोटा विमान कोलंबोजवळच्या रत्मलानाहून निघाले आणि जाफन्याकडील कांकेसंतुराई येथे थांबून मद्रासला पोचले. सिलोन स्वतंत्र झाला ४ फेब्रुवारी १९४८ रोजी. म्हणजे स्वतःचा झेंडा उभारण्याच्या आठ आठवडे आधीच त्या देशाने स्वतःचे विमान उडवले.

एवढी घाई का, असे कुणी विचारील. बेटावर राहणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. आपण गाडीत बसलो की कुठेही जाऊ शकतो. बेटाच्या माणसाला पाणी ओलांडावे लागते. पूर्वी धनुष्कोडीहून तलैमन्नारला बोट जात असे. १९६४ च्या वादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाली, पुढे रामेश्वरहून चालणारी बोटही यादवी युद्धाच्या काळात बंद पडली. उरले आकाश. त्या वाटेने बुद्धगयेचे यात्रेकरू येतात, युरोपचे प्रवासी येतात, आणि आखाती देशांत घरकामाला गेलेल्या हजारो स्त्रिया त्याच वाटेने जातात. या स्त्रियांनी घरी पाठवलेला पैसा चहाच्या मळ्यांइतकाच त्या देशाचा आधार आहे. विमानकंपनीचा हिशेब मांडणारे पंडित ही बाब सहसा जमेला धरीत नाहीत.

पण स्वतःचे विमान म्हणणे सोपे, ते चालवणे अवघड. ‘एअर सिलोन’ला लांबच्या प्रवासासाठी जन्मभर कुणाचा तरी हात धरावा लागला. आधी ऑस्ट्रेलियन कंपनीचा, मग डच के.एल.एम.चा, मग इंग्रजांच्या बी.ओ.ए.सी.चा, शेवटी फ्रेंच यू.टी.ए.चा. विमाने त्यांची, बरेचदा वैमानिकही त्यांचेच. शेपटीवर नाव तेवढे आपले. सत्तरीच्या दशकाअखेर ही कंपनी गुंडाळली गेली आणि १९७९ मध्ये ‘एअर लंका’ निघाली. सिंगापूर एअरलाइन्सकडून दोन बोइंग ७०७ विमाने भाड्याने घेऊन १ सप्टेंबरला तिने उड्डाणे सुरू केली.

यादवी युद्धाने तिला दोनदा गाठले. ३ मे १९८६ रोजी मालदीवला निघायच्या विमानात कोलंबोच्या विमानतळावरच बॉम्ब फुटला आणि २१ माणसे दगावली. नंतर २४ जुलै २००१ च्या पहाटे तमिळ वाघांनी कटुनायके येथील तळावर हल्ला केला आणि कंपनीचा जवळजवळ निम्मा ताफा निकामी झाला. उतारू कुणी मेला नाही. पण विम्याचे दर कडाडले, प्रवासी फिरकेनासे झाले, आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच त्या वर्षी देशाचे एकूण उत्पन्न घटले. उभी विमाने जळली आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलातल्या वाढप्याची नोकरी धोक्यात आली!

तोवर मालकी बदलली होती. १९९८ मध्ये दुबईच्या एमिरेट्सने भाग घेतले आणि दहा वर्षांसाठी कारभार हाती घेतला. कंपनीचे नाव ‘श्रीलंकन’ झाले. पुढे भागांची वाटणी अशी झाली : सरकारकडे सुमारे ५१ टक्के, एमिरेट्सकडे ४३.६३ टक्के आणि नोकरवर्गाकडे ५ टक्क्यांहून थोडे अधिक. या शेवटच्या आकड्यापाशी आम्ही थबकलो. कामगाराला भाग मिळाला; पण पाच टक्क्यांच्या धन्याचे मत सभेत कोण विचारणार? तरी खरे ते सांगितले पाहिजे. एमिरेट्सच्या हाताखाली कंपनीची घडी बऱ्यापैकी बसली होती. सरकारी मालकीचा पुरस्कार आम्ही आयुष्यभर केला, म्हणून ही गोष्ट दडवणार नाही.

मग डिसेंबर २००७ आला. लंडनहून परतणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना आणि त्यांच्या लवाजम्याला भरलेल्या विमानात जागा हव्या होत्या. तिकिटे काढून बसलेल्या उतारूंना उठवण्यास कंपनीने नकार दिला. तेव्हा सरकारने तिच्या परदेशी प्रमुखाचा कामाचा परवानाच रद्द केला. २००८ मध्ये एमिरेट्सचा करार संपला, तो पुढे चालू राहिला नाही. २०१० मध्ये सरकारने तिचे भाग ५ कोटी ३० लाख डॉलरना परत घेतले. राष्ट्रीयीकरण म्हणतात ते हे नव्हे. लोकांची मालकी आणि मंत्र्यांची मालकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या मते सगळा घोळ इथेच आहे.

पुढची बरीच वर्षे तोट्याची गेली. २०१३ मध्ये एअरबसकडे दहा मोठ्या विमानांची मागणी नोंदवली. त्यांपैकी चार ए-३५० विमानांचा व्यवहार २०१६ मध्ये भरपाई मोजून मोडावा लागला. जानेवारी २०२० मध्ये एअरबसने लाचखोरीच्या चौकशा मिटवण्यासाठी ३६० कोटी युरो भरण्याचे कबूल केले. लंडनच्या न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणांत श्रीलंकनच्या खरेदीचे प्रकरणही होते. विमान वेळेवर सुटावे म्हणून रात्रपाळी करणारा यंत्रकामगार या खरेदीच्या बैठकीत नव्हता. तोट्याची चर्चा निघाली की ‘नोकरांची संख्या फार’ हे मात्र पहिले ऐकू येते.

२०२२ मध्ये देशच दिवाळखोरीत गेला. कोलंबोत इंधन नव्हते, म्हणून विमाने तिरुवनंतपुरमला उतरून टाक्या भरून पुढे जात. त्या मे महिन्यात पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांनी कंपनी विकण्याचा विचार मांडला. २०२०-२१ या एका वर्षाचा तोटा ४,५०० कोटी रुपये, आणि ज्या गरिबाने कधी विमानात पाय ठेवला नाही त्याने तो का सोसावा, असा त्यांचा सवाल होता. सवाल खोटा नाही. त्याच वर्षी जानेवारीत आपली एअर इंडिया टाटांकडे परत गेली, तेव्हा इकडेही हेच विचारले जात होते. पण तोटा करणारे निर्णय त्या गरिबाने घेतले नव्हते, कंपनीतल्या कामगारानेही नव्हे. आणि कंपनी विकली तरी जुने कर्ज बहुतेक सरकारच्याच, म्हणजे त्या गरिबाच्याच गळ्यात राहते.

गिऱ्हाईक शोधण्याचा खटाटोप झाला, सौदा काही जुळला नाही. २०२४ अखेर सत्तेवर आलेल्या नव्या सरकारने विक्रीचा बेत सोडून कंपनी सरकारकडेच ठेवण्याचे ठरवले. सरकारी हमीवर काढलेले तिचे साडेसतरा कोटी डॉलरचे रोखे मात्र त्याआधीच, जून २०२४ मध्ये, मुदत भरूनही फेडता आले नव्हते.