निनावी तबकड्या

1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा गाणं संपताच त्यांनी इंग्रजीत आपलं नाव सांगितलं. तबकड्या घडायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथे लेबल लावणाऱ्याला आवाज कुणाचा हे कळावं, यासाठीची ही तजवीज. पुढे तबकडीच्या मधोमध छापलेलं नाव हीच तिची ओळख ठरली. म्हणूनच ज्यांनी ते मुद्दाम काढून टाकलं, त्यांच्याविषयी कुतूहल वाटतं.

1950च्या दशकात जमैकातले साउंड सिस्टिमवाले अमेरिकेतून तबकड्या आणत आणि त्यांची लेबलं खरवडून टाकत. कॉक्सन डॉड हे त्यांतलं मोठं नाव. प्रतिस्पर्ध्याला गाण्याचा पत्ता लागू नये, इतकाच हेतू. आचाऱ्याने मसाला झाकून ठेवावा तसा.

डेट्रॉइटमध्ये कारण वेगळं होतं. मोटारींच्या या शहराची वस्ती 1950 साली साडेअठरा लाख होती, ती 1990पर्यंत सव्वादहा लाखांवर आली. मोटाऊन ही तिथली गाजलेली संगीत कंपनी 1972 सालीच लॉस एंजेलिसला निघून गेली होती. मागे राहिलेल्या शहरातल्या कृष्णवर्णीय तरुणांनी 1980च्या दशकात सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर ‘टेक्नो’ हे नृत्यसंगीत घडवलं. दशकाच्या अखेरीस माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ हा गट उभा केला. चेहरे झाकायचे, छायाचित्रं टाळायची, तबकड्या आपल्या आपण काढायच्या. कलावंताचा चेहरा विकणाऱ्या धंद्याला हे उत्तर होतं. मला यात विनयापेक्षा व्यवहार जास्त दिसतो: जो चेहरा दिलाच नाही, तो कुणी विकणार कसा?

याच वर्तुळातल्या ‘ड्रेक्सिया’ने नावाच्या जागी पुराणच ठेवलं. 1997च्या ‘द क्वेस्ट’ या संग्रहासोबतच्या मजकुरातली कल्पना अशी: गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गरोदर आफ्रिकी स्त्रियांची बाळं पाण्यातच श्वास घ्यायला शिकली असतील तर? ज्यांची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत, त्यांच्यासाठी वाजवताना स्वतःचं नाव कशाला लावायचं? ड्रेक्सियातले जेम्स स्टिन्सन 2002 साली वारले, तेव्हा कुठे अनेक श्रोत्यांना ते नाव कळलं.

अशी तबकडी हाती आली की जाणकार ती उजेडात तिरकी धरतो. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर कधी क्रमांक, कधी एखादा संदेश कोरलेला असतो. डिजिटल फाइलला अशी जागाच नाही. पुढे कोऱ्या लेबलांचीही फॅशन झाली. हाताने शिक्का मारलेल्या मोजक्या प्रती चढ्या भावाने विकल्या जाऊ लागल्या, आणि बाजारापासून लांब राहण्याची युक्ती बाजाराच्याच कामी आली.

डेट्रॉइटच्या बऱ्याच तबकड्यांवर त्या पट्टीत ‘एनएससी’ अशी अक्षरं सापडतात. ती संगीतकाराची नव्हेत. नॅशनल साउंड कॉर्पोरेशन, म्हणजे मूळ लॅकरवर खाच कापणारे रॉन मर्फी, यांची ती खूण. मर्फी 2008 साली गेले. तबकडीवर वाजतंय कोण हे सांगता न येणारे संग्राहकही ही तीन अक्षरं बरोबर ओळखतात.