ऑफिसचं चॅट स्वतःच्या सर्व्हरवर: आधी काय विचारायचं?

 

स्लॅकची फुकट योजना आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वापरली असेल. सप्टेंबर 2022पासून तिच्यात फक्त शेवटच्या 90 दिवसांचे मेसेज दिसतात. म्हणजे दिवाळीत ग्राहकाशी ठरलेला दर होळीला शोधायला गेलात, तर सापडणार नाही. मग कुणीतरी म्हणतं, आपलाच सर्व्हर लावू. मॅटरमोस्ट, रॉकेट डॉट चॅट, झुलिप, मॅट्रिक्स अशी नावं निघतात आणि आपण फीचरचे तक्ते मांडत बसतो.

आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: हा सर्व्हर सांभाळणार कोण? आम्ही इथेच ठेच खाल्ली. बॅकअप रोज व्हायचा, पण त्याच डिस्कवर! एके सकाळी डिस्क गेली, तिच्याबरोबर चॅटही गेलं आणि बॅकअपही. सर्व्हरचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो गावी गेलेला. तेव्हा किमान दोन माणसं तयार नसतील, तर सरळ पैसे भरून सेवा घ्या. त्यात कमीपणा नाही.

माणसं असतील, तर मग बघा तुमची टीम बोलते कशी. झुलिपमध्ये चॅनेलमधल्या मेसेजला विषय असतो. आठवडाभर रजेवर गेलेला माणूस परतला, की हवे तेवढेच विषय वाचतो. शंभराच्या आतल्या टीमला 2 जीबी रॅमचं मशिन पुरतं. विषय लिहायची सवय लागेपर्यंत कुरकुर मात्र होते. मॅटरमोस्ट दिसायला स्लॅकसारखंच, त्यामुळे शिकवावं लागत नाही. फुकट आवृत्तीत काय मिळत नाही, ते तेवढं आधी वाचा. मॅट्रिक्समध्ये वेगवेगळे सर्व्हर ईमेलसारखे एकमेकांशी बोलू शकतात. फ्रान्स सरकारचं 2019चं ‘चॅप’ त्यावरच उभं आहे. बारा जणांच्या ऑफिसला हा पसारा कशाला?

आणि हो, सर्व्हर आपला असला तरी मोबाइलवरची नोटिफिकेशन साधारणपणे गूगल आणि ॲपलमार्फतच येतात. त्यात मेसेजचा मजकूर जाऊ द्यायचा की नाही, ते सेटिंगमध्ये तपासा.

आम्ही आता महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशिनवर उतरवून चॅट चालू करून बघतो. पहिल्या खेपेला मेसेज सगळे आले, पण फोटो एकही नाही. डेटाबेस घेतला होता, अपलोडचं फोल्डर राहूनच गेलं होतं.